एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पायोनियर कुटुंबाचा माग कसा काढायचा?

दप्तरदार

हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्याने येत असतो. कुणाच्या जावयाचे खापरपणजोबा नेब्रास्कात शेतीला गेलेले असतात, कुणी राहत्या गावच्या इतिहास मंडळात स्वयंसेवक असतं, कुणाला घरच्या मुलांची दोन्हीकडची वंशावळ एकत्र मांडायची असते. म्हणून एकच धागा. विषय एवढाच: साधारण १८४० ते १९०० या काळात पश्चिमेकडे सरकत गेलेलं अमेरिकन कुटुंब कागदोपत्री कसं शोधायचं.

हात बसवायला ज्याची उत्तरं आधीच पडताळलेली आहेत असं कुटुंब घ्यावं. चार्ल्स इंगल्स हे उत्तम उदाहरण आहे. त्यांच्या मुलीने, लॉराने, लिहिलेल्या बालकादंबऱ्यांमुळे नाव सर्वतोमुखी झालं. पण इथे कादंबऱ्या बाजूला ठेवू, कारण त्यातला क्रम कागदांशी जुळत नाही.

सांगाडा असा. जन्म १० जानेवारी १८३६, क्यूबा, न्यूयॉर्क राज्य. लहानपणीच आईवडिलांबरोबर इलिनॉय, मग विस्कॉन्सिन. १ फेब्रुवारी १८६० ला कॅरोलाइन क्वायनरशी लग्न, विस्कॉन्सिनमधल्या जेफरसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). पुढे विस्कॉन्सिनमधलंच पेपिन, कॅन्सस, पुन्हा पेपिन, मिनेसोटा, आयोवा, पुन्हा मिनेसोटा आणि शेवटी डकोटा टेरिटरीतलं डी स्मेट. मृत्यू तिथेच, ८ जून १९०२.

चाळीस वर्षांत एवढी गावं बदललेल्या माणसाला नुसत्या नावाने शोधायला गेलात तर हाती गोंधळ येतो. माझं ठाम मत आहे की जमिनीचा माग धरावा, नाव आपोआप सापडतं. आणि चालायचं उलट, म्हणजे मृत्यूकडून जन्माकडे. पहिल्याच दिवशी सतराव्या शतकातल्या मूळपुरुषावर उडी मारणारे मधल्या दोन पिढ्या हमखास चुकीच्या जोडतात.

नकाशेवाला, जमिनीचं तुम्ही लिहा.

नकाशेवाला

लिहितो. जरा लांबेल.

आधी राज्य कोणत्या प्रकारातलं ते पाहा. मूळ १३ राज्यं, शिवाय केंटकी, टेनेसी, व्हर्माँट, मेन, वेस्ट व्हर्जिनिया, टेक्सास, हवाई इथे जमीन संघराज्य सरकारने वाटली नाही. तिथली मोजणी 'ओढ्यापासून ओकच्या झाडापर्यंत' अशा भाषेत असते आणि कागद राज्याकडे किंवा काउंटीकडे असतात. उरलेल्या बहुतेक सगळ्या राज्यांत चौकोनी मोजणी आहे. पायोनियर मंडळी बहुतांशी याच भागातली.

चौकोनी मोजणीत टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैल. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचा चतकोर १६० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरू होतो, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातो, मग खालच्या ओळीत ७ ते १२ उलट पूर्वेकडे, आणि असाच नागमोडी ३६ पर्यंत. हे डोक्यात पक्कं नसेल तर शेजारी कोण होतं ते कळणार नाही, आणि या कामात शेजारी फार मोलाचे.

मोजणीतली सगळी चूक टाउनशिपच्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेला ढकलायची असा नियम होता. त्यामुळे त्या कडेचे चतकोर १६० चे नसतात. इंगल्सचा डी स्मेटजवळचा होमस्टेड (राहून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेली जमीन) सेक्शन ३ चा ईशान्य चतकोर, म्हणजे उत्तरेची कड. तो भरला सुमारे १५४ एकर. त्याआधी मिनेसोटात प्लम क्रीकवर घेतलेली जमीन सेक्शन १८ चा वायव्य चतकोर, म्हणजे पश्चिमेची कड. ती सुमारे १७२ एकर. आकडा १६० नाही म्हणून 'हा दुसरा कुणीतरी इंगल्स असेल' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. आकडा बरोबरच असतो.

आता शोध. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर पेटंटच्या प्रतिमा फुकट दिसतात. इथे पेटंट म्हणजे सरकारकडून पहिल्या मालकाकडे जमीन गेल्याचा दाखला. त्याला सातबारा समजू नका. सातबाऱ्यावर पुढचे फेरफार चढतात, पेटंटवर काहीही चढत नाही. पुढची खरेदी-विक्री सगळी काउंटीच्या दस्त नोंदणीत.

शोधताना राज्य, आडनाव आणि नावाचं फक्त पहिलं अक्षर टाका. सापडलेल्या नोंदीत 'ऑथॉरिटी' ही ओळ, म्हणजे जमीन कोणत्या कायद्याने मिळाली ते, आधी वाचा, कारण मागे फाइल जाडजूड आहे की दोन पानी हे त्यावर ठरतं.

होमस्टेड असेल तर लॉटरी लागली समजा. २० मे १८६२ चा कायदा, १ जानेवारी १८६३ पासून लागू. १६० एकरांपर्यंत जमीन, पाच वर्षं प्रत्यक्ष वास्तव्य, मग दोन साक्षीदारांसह अंतिम पुरावा. त्या पुराव्यात वय, नागरिकत्व, घरात माणसं किती, घराची लांबी-रुंदी, विहीर, किती एकर नांगरले, कोणत्या साली काय पेरलं, किती काळ जमिनीपासून दूर होता आणि का, हे सगळं प्रश्नोत्तरांत असतं. इंगल्सचा अर्ज फेब्रुवारी १८८० चा, अंतिम पुरावा १८८६ चा.

रोख खरेदी किंवा प्रीएम्प्शन असेल तर फाइल बारीक. १८४१ च्या कायद्याने बसलेल्या जागेवर पहिला हक्क मिळायचा आणि एकरी किमान सव्वा डॉलर भरून ती विकत घ्यायची. प्लम क्रीकची जमीन या प्रकारातली.

सैनिकी वॉरंट असेल तर सावध! पेटंटवर दोन नावं येतात: ज्याला सेवेबद्दल वॉरंट, म्हणजे जमीन मागण्याचं हक्कपत्र, मिळालं तो आणि ज्याने ते विकत घेतलं तो. १८५५ च्या कायद्याने १४ दिवस सेवा केलेल्यालाही १६० एकरांचं वॉरंट मिळत होतं आणि बहुतेकांनी ते दलालाला विकून टाकलं. सैनिकाने ती जमीन जन्मात पाहिलेली नसते. 'आमचे पूर्वज आयोवात होते' अशा कित्येक कुटुंबकथा या एका कागदाच्या चुकीच्या वाचनातून निघाल्या आहेत.

आणि पेटंट मिळालंच नाही तर? रेल्वे कंपन्यांना एकाआड एक सेक्शन दिले होते, बहुधा विषम क्रमांकाचे. त्यांच्याकडून घेतलेल्या जमिनीचं पेटंट कंपनीच्या नावावर असतं. तिथे थेट काउंटीचे दस्त बघायचे.

पांथस्थ

कॅन्ससमध्ये इंगल्सच्या नावाने काहीच दिसत नाही. स्पेलिंगचा घोळ का?

नकाशेवाला

घोळ नाही. १८६९ ते १८७१ ते मॉन्टगोमेरी काउंटीत होते, पण ती जमीन तेव्हा ओसेज या मूलनिवासी लोकांची राखीव जमीन होती. त्यांनी ती सोडावी असं ठरवणारा कायदा १५ जुलै १८७० चा. त्यानंतर तिथे बसलेल्यांना पैसे भरून जमीन घेण्याची सोय झाली, पण इंगल्स १८७१ मध्येच निघून गेले. म्हणजे त्या दोन वर्षांत त्यांच्या नावावर कायदेशीर जमीन असणं शक्यच नव्हतं.

यातून धडा असा की पेटंट न सापडणं हाही पुरावा असू शकतो. बसला होता, पण हक्क नव्हता. आणि 'पायोनियर' म्हणताना त्या जागी आधी कोण होतं हे टिपणात लिहून ठेवा. ओसेजांना जमीन विकून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. कुटुंबाचा इतिहास लिहिताना ही ओळ वगळली तर कॅन्ससचं प्रकरण अर्धवट राहतं.

सुमेधा

जनगणनेचं मी लिहिते.

दर दहा वर्षांनी, १७९० पासून. पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी माणसं वयोगटाच्या रकान्यात आकडे म्हणून. म्हणजे १८४० मध्ये चार वर्षांचा चार्ल्स वडील लॅन्सफर्ड यांच्या नावापुढे पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये एक आकडा, एवढाच. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव, वय, जन्मराज्य आणि स्थावराची किंमत येते. पण नातं येत नाही! ते थेट १८८० मध्ये. १८५० ते १८७० च्या याद्यांत एका छताखाली राहणारी मुलं त्याच जोडप्याची असं गृहीत धरणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे.

कॅरोलाइनचंच बघा. वडील हेन्री क्वायनर लेक मिशिगनमध्ये बुडाले. आई शार्लटने १८४९ मध्ये फ्रेडरिक होलब्रुक यांच्याशी दुसरं लग्न केलं. म्हणजे १८५० ची यादी क्वायनर मुलांसाठी बघताना होलब्रुकांच्या घरात शोधावं लागतं. सावत्र वडील, मुलीचं लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि नोंदणाऱ्याने सरसकट ओढलेली 'वरीलप्रमाणे'ची खूण, ही तिन्ही एकत्र आली की बाई गायबच होते.

१८६० मध्ये 'या वर्षात लग्न झालं' असा रकाना आहे. १८८० मध्ये नातं आणि आईवडिलांची जन्मराज्यं. १९०० सर्वांत श्रीमंत: जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला किती वर्षं, बाईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात, परदेशातून आले असतील तर कोणत्या साली.

मुलांच्या जन्मस्थळांवरून कुटुंबाचा रस्ता काढता येतो. इंगल्सांच्या मेरी (१८६५) आणि लॉरा (१८६७) विस्कॉन्सिनच्या, कॅरी (३ ऑगस्ट १८७०) कॅन्ससची, ग्रेस (१८७७) आयोवातल्या बर ओकची. या ओळी एकाखाली एक लिहिल्या की बैलगाडीची वाट समोर उभी राहते. मग त्या त्या काउंटीत त्या त्या सालच्या आसपास खणायचं.

एक बारकावा. १८५० ते १९०० च्या मोजणीत हिशेबाचा दिवस १ जून. मोजणीदार दारात ऑगस्टमध्ये आला तरी माहिती १ जूनची द्यायची. त्यानंतर जन्मलेलं बाळ लिहायचं नाही आणि त्यानंतर वारलेला माणूस मात्र लिहायचा. मोजणीदार हा नियम कधी पाळत, कधी विसरत. म्हणून वय एकाने पुढेमागे असलं तर डोकं आपटू नये.

ओवी

१८९० सापडत नाहीये कुठल्याच साइटवर?

सुमेधा

सापडणारही नाही. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. आगीतून आणि पाण्यातून जे वाचलं तेही १९३० च्या दशकात रीतसर परवानगीने नष्ट केलं. किरकोळ तुकडे उरलेत. यादवी युद्धातल्या माजी सैनिकांची आणि विधवांची वेगळी यादी होती, तिच्यातली वर्णक्रमाने केंटकीच्या मध्यापासून वायोमिंगपर्यंतची राज्यं शिल्लक आहेत. म्हणजे आयोवा, इलिनॉय, कॅन्सस गेली, मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन आहेत.

हे वीस वर्षांचं खिंडार राज्यांच्या स्वतःच्या जनगणनेने बुजवायचं. मिनेसोटा १८६५ पासून दर दहा वर्षांनी १९०५ पर्यंत. कॅन्सस १८६५ ते १९२५, तसंच दर दहा वर्षांनी, आणि त्यात 'कुठून कॅन्ससला आलात' हा रकाना काही वर्षी आहे, तो सोन्यासारखा. नेब्रास्का १८८५. आयोवाची १९२५ ची यादी तर आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा देते. एवढी उशिराची यादी आपल्या काय कामाची, असं वाटून लोक ती सोडून देतात. १८५० साली जन्मलेली म्हातारी त्यात जिवंत असेल तर तिच्या आईचं माहेर तिथेच मिळतं.

आणि एक उदाहरण देते, म्हणजे १९०० च्या रकान्याचं महत्त्व पटेल. इंगल्सांना एक मुलगा होता, चार्ल्स फ्रेडरिक. जन्म १ नोव्हेंबर १८७५, मृत्यू २७ ऑगस्ट १८७६. १८७० च्या यादीत तो असणं शक्य नाही, १८८० च्याही नाही. मिनेसोटाची १८७५ ची यादी त्याच्या जन्माआधीची. १८५० ते १८८० दरम्यान मृत्यूंची वेगळी यादी व्हायची, पण तीही जनगणनेआधीच्या बारा महिन्यांपुरती. म्हणजे हे बाळ एकाही मोजणीला दिसलं नाही. अशा मुलाची चाहूल लागते ती आईच्या 'किती झाली, किती हयात' या दोन आकड्यांतल्या फरकातून. फरक दिसला की कौटुंबिक बायबलचं नोंदीचं पान, चर्चची वही, दफनभूमीची यादी या क्रमाने जायचं.

खडूस_काका

सगळं छान चाललंय, पण कुणीतरी विरजण घालायला हवं.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट संकेतस्थळावरचं सामाईक झाड कुणीही बदलू शकतं. अँसेस्ट्री या दुसऱ्या संकेतस्थळावरची झाडं एकमेकांवरून उतरवलेली असतात. एकच चूक चाळीस झाडांत दिसली म्हणजे ती चाळीस पुरावे होत नाही. मूळ एकच. फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या संकेतस्थळावर दगडाचा फोटो हा पुरावा, त्याखाली कुणी हौशी माणसाने लिहिलेलं चरित्र हा फक्त धागादोरा. डीएनएचे 'तुमचे संभाव्य पूर्वज' दाखवणारे नकाशेही याच झाडांवर उभे असतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र साक्षीदार मानू नका.

दुसरं, 'एलिस आयलंडवर अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं' ही दंतकथा. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र, १ जानेवारी १८९२ ला उघडलं. १८५० च्या दशकात आलेला पायोनियर तिथे उतरलाच नाही. आणि अधिकारी नावं लिहून घेत नव्हते, जहाजावरून आलेली यादी पडताळत होते. आडनावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, सोयीने.

तिसरं, जिल्हावार छापलेले जाडजूड 'काउंटी इतिहास', १८८० च्या आसपासचे. त्यातली चरित्रं बहुतेकदा त्या माणसाने किंवा घरच्यांनीच सांगितलेली असतात. स्वतःच्या काळाबद्दल ठीक, आजोबांच्या क्रांतियुद्धातल्या पराक्रमाबद्दल चिमूटभर मीठ लावून घ्या.

ओवी

आडनावाची स्पेलिंगं किती करून बघायची मग?

सुमेधा

ध्वनी-संकेत वापर, साउंडेक्स. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, नंतरच्या व्यंजनांना अंक: बी, एफ, पी, व्ही ला १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड ला २, डी, टी ला ३, एल ला ४, एम, एन ला ५, आर ला ६. स्वर, एच, डब्ल्यू आणि वाय गाळायचे, लागून आलेले सारखे अंक एकदाच, आणि तीन अंक झाले की थांबायचं. कमी पडले तर शून्य. इंगल्स दोन एलने लिहा किंवा 'इंगलेस' असं लिहा, दोन्हीला आय-५२४ च येतो. स्मिथ आणि श्मिट दोन्ही एस-५३०.

फसतं ते पहिल्या अक्षरावर. कुणी 'एंगल्स' ऐकून ई ने सुरुवात केली तर संकेत ई-५२४, यादीत भलतीकडेच. त्या काळच्या वळणात मोठा आय आणि मोठा जे सारखेच दिसतात, त्यामुळे जे-५२४ सुद्धा तपासायचा. तरीही नाही मिळालं तर नाव सोडून द्यायचं: फक्त काउंटी, पत्नीचं पहिलं नाव, मोठ्या मुलाचं नाव आणि वय एवढ्यावर शोधायचं. तेही नाही जमलं तर शेजाऱ्यांची नावं शोधून त्यांच्या पानावर उतरायचं.

दप्तरदार

शेजाऱ्यांच्या मुद्द्याला +१. माणसं एकटी पश्चिमेला जात नव्हती. इंगल्स आणि क्वायनर या दोन घरांत तीन लग्नं झाली: चार्ल्स-कॅरोलाइन, पीटर इंगल्स-एलायझा क्वायनर, पॉली इंगल्स-हेन्री क्वायनर. पेपिनची जमीन चार्ल्सने मेव्हणा हेन्री याच्याबरोबर घेतली. लग्नाचे साक्षीदार, होमस्टेडच्या नोटिशीतली चार नावं, मृत्युपत्राचे जामीन, दस्तावर सही करणारे, यांची एक यादी करून ठेवा. तीच नावं मागच्या राज्यात, मागच्या काउंटीत सापडली की आपलं कुटुंब तिथे होतं असं समजून खणायला हरकत नाही.

नकाशेवाला, दस्तांचं राहिलं.

नकाशेवाला

दस्त काउंटीच्या नोंदणी कार्यालयात. दोन सूची असतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही बघायच्या, आणि माणूस गेल्यानंतरची वीस-तीस वर्षंही, कारण वारसांनी एकत्र विकलेल्या जमिनीच्या दस्तात सगळी मुलं, जावई, त्यांची त्या वेळची गावं एका वाक्यात येतात.

विवाहित पुरुषाने विकताना बायकोची संमती लागे आणि अनेक ठिकाणी नवऱ्याच्या अपरोक्ष तिला विचारून तसं लिहीत. एखाद्या दस्तात बायको दिसते आणि तीन वर्षांनी दुसऱ्या दस्तात दिसत नाही किंवा नाव वेगळं असतं, तर मधल्या काळात मृत्यू किंवा दुसरं लग्न.

दस्त कथेपेक्षा जास्त बोलतो याचं इंगल्सांच्याच घरचं उदाहरण. १८६८ मध्ये पेपिनची जमीन गुस्टाफ गुस्टाफसन याला हप्त्याने विकली आणि मिसुरीत चॅरिटन काउंटीत अ‍ॅडमंटाइन जॉन्सन याच्याकडून जमीन घेतली. घरच्या आठवणींत मिसुरीची जमीन फारशी कुठे नाही. १८७० मध्ये ती जॉन्सनला परत लिहून दिली, आणि त्या दस्तावर सह्या झाल्या त्या मॉन्टगोमेरी काउंटीत, कॅन्ससमध्ये. एकच कागद, पण त्यातून दोन राज्यांतला मुक्काम कळतो. दस्त कुठे नोंदला आणि सही कुठे झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शेवटच्या परिच्छेदात असते, तिथपर्यंत वाचायचा कंटाळा करू नका.

फॅमिलीसर्चवर आता अनेक काउंट्यांच्या दस्तांत आणि वारसा-प्रकरणांत यंत्राने वाचलेल्या मजकुरातून थेट शोध घेता येतो. साक्षीदार म्हणून आलेलं नावही त्यात लागतं, जे जुन्या सूचीत कधीच लागत नव्हतं. खातं फुकट आहे. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच बघाव्या लागतात.

पांथस्थ

होमस्टेड कायदा १८६२ चा. त्याआधी ओरेगनला गेलेल्यांचं काय?

दप्तरदार

त्यांच्यासाठी २७ सप्टेंबर १८५० चा डोनेशन लँड क्लेम कायदा. १ डिसेंबर १८५० पूर्वी तिथे राहणाऱ्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर, विवाहित जोडप्याला ६४०, आणि त्यातला अर्धा हिस्सा बायकोच्या स्वतःच्या नावावर. नंतर आलेल्यांना निम्मं. हक्क गोऱ्यांना आणि गोऱ्या-मूलनिवासी मिश्र रक्ताच्या लोकांना होता. जॉर्ज वॉशिंग्टन बुश हे मिश्रवंशीय कृष्णवर्णीय पायोनियर १८४४ च्या तांड्यातले, प्युजेट साउंडकडच्या पहिल्या अमेरिकन वसाहतकारांपैकी एक. त्यांची ६४० एकर जमीन टिकवायला १८५५ मध्ये काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला.

वंशावळीसाठी ही फाइल फार उत्तम. बायकोचा हक्क सिद्ध करायचा म्हणून लग्नाची तारीख आणि जागा लिहावी लागे, शिवाय जन्मसाल, जन्मस्थळ आणि ओरेगनला पोचल्याची तारीख. १८४० च्या दशकातलं मिसुरीतलं लग्न, ज्याचं काउंटी न्यायालय नंतर जळालं, ते फक्त इथेच सापडतं असं पुष्कळदा होतं. लग्नाच्या तारखेकडे मात्र बारीक नजर हवी: दुप्पट जमिनीच्या आशेने घाईघाईत, फार लहान मुलींशी लग्नं झाली आहेत.

युटाला गेलेल्या मॉर्मन पंथाच्या तांड्यांसाठी वेगळी सोय आहे. १८४७ ते १८६८ च्या तांड्यांत कोण होतं याची नावनिशी यादी त्यांच्या चर्चच्या इतिहास विभागाने खुली ठेवली आहे. १८६९ मध्ये रेल्वे जोडली गेली आणि तांड्यांचा काळ संपला.

अवांतर: ओरेगनमध्ये १८३६ ला गेलेले मिशनरी मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड (मिशनरी संस्था) आणि १८१३ मध्ये मुंबईत, १८३१ मध्ये अहमदनगरला मिशन काढणारं बोर्ड एकच. त्या बोर्डाची दप्तरं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नगरच्या मिशनऱ्यांवर काम करणाऱ्यांना ती माहीत असतात. पायोनियर पूर्वज याच बोर्डाचा असेल तर तीच दप्तरं उघडायची.

ओवी

जन्मदाखला काढला की सगळं सोपं ना?

खडूस_काका

दाखला असेल तर. राज्यभर सक्तीची नोंदणी दक्षिण डकोटात १९०५ ला, विस्कॉन्सिनमध्ये १९०७ ला, कॅन्ससमध्ये १९११ ला. १८६७ चा दाखला मागायला गेलात तर कारकून हसेल. काही काउंट्यांनी आधीपासून वह्या ठेवल्या, पण त्यात गाळलेले जास्त.

मग थडगं. त्यावर पुष्कळदा जन्मतारखेऐवजी वय कोरलेलं असतं, वर्षं-महिने-दिवस असं. ते मागे मोजायचं. मृत्यू ८ जून १९०२ आणि वय ६६ वर्षं ४ महिने २९ दिवस धरा. आधी दिवस: ८ जूनमागे २९ दिवस म्हणजे १० मे. मग महिने: चार मागे, १० जानेवारी. मग वर्षं: १८३६. आला चार्ल्सचा जन्मदिवस. महिना ३० चा की ३१ चा आणि आधी दिवस वजा केले की महिने, यावर एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून दगडावरून काढलेली तारीख 'सुमारे' म्हणूनच लिहा. दगड कधी बसवला तेही बघा. आजोबा १८७० ला वारले आणि दगड गुळगुळीत ग्रॅनाइटचा असेल तर तो नातवंडांनी नंतर बसवलेला, तारखा ऐकीव.

सुमेधा

परदेशातून आलेल्या पायोनियरांबद्दल थोडं. होमस्टेडला अर्ज करायला नागरिक असणं किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला असणं आवश्यक होतं. त्यामुळे नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल होमस्टेडच्या फाइलमध्येच बहुधा मिळते. हे मोठं काम वाचतं, कारण सप्टेंबर १९०६ पूर्वी कुठल्याही नोंदी ठेवणाऱ्या न्यायालयात नागरिकत्व घेता येई, इरादा न्यूयॉर्कमध्ये आणि अंतिम कागद मिनेसोटात असं चालायचं. बायकांचे कागद शोधत बसू नका. १८५५ ते १९२२ नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक व्हायची.

नॉर्वेजियन असतील तर आडनाव तीनदा बदलतं: वडिलांच्या नावावरून, शेताच्या नावावरून आणि अमेरिकेत सोयीने. शेताचं नाव मिळालं की नॉर्वेच्या सरकारी डिजिटल अभिलेखागारात चर्चच्या वह्या फुकट आहेत.

मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांसाठी, उदाहरणार्थ १८७७ मध्ये वसलेलं कॅन्ससचं निकोडेमस, १८७० ही भिंत असते. त्याआधी गुलामांची नावं जनगणनेत नाहीत, मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढंच. तिथे फ्रीडमेन्स ब्यूरोची (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याची) दप्तरं आणि मालकाच्या घरची वारसा-प्रकरणं धरावी लागतात.

पांथस्थ

होमस्टेडची पूर्ण फाइल मागवायची तर नेमकं काय काय लिहायचं?

नकाशेवाला

फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जमीन-नोंदींसाठी अर्ज क्रमांक ८४, ऑनलाइन भरता येतो. १९०८ च्या मध्याआधीच्या पेटंटसाठी लागतं: राज्य, लँड ऑफिसचं (जमीन वाटपाच्या स्थानिक सरकारी कार्यालयाचं) नाव, कोणत्या प्रकारची नोंद, अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि टाउनशिप-रेंज-सेक्शन (रेंज म्हणजे टाउनशिपचा उत्तर-दक्षिण पट्टा). हे सगळं पेटंटच्या प्रतिमेवर आणि नोंदीच्या पानावर मिळतं. लोक 'अ‍ॅक्सेशन' क्रमांक लिहून पाठवतात आणि 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. 'डॉक्युमेंट' क्रमांक लिहायचा. त्यानंतरच्या पेटंटला एकच अनुक्रमांक पुरतो.

पैसे भरण्याआधी नेब्रास्का वगैरे राज्यांच्या फाइली अँसेस्ट्री किंवा फोल्ड३ या संकेतस्थळांवर आधीच चढल्यात का ते पाहा.

पूर्वजाने जमीन मध्येच सोडली असेल तर पेटंट नाही आणि नावाने ऑनलाइन शोधही नाही. फाइल मात्र असते. त्यासाठी आधी जागा ठरवायची, म्हणजे टाउनशिप आणि सेक्शन, आणि मग लँड ऑफिसच्या ट्रॅक्ट बुकात ते पान काढायचं. त्यात जागेनुसार सगळे अर्ज, रद्द झालेलेसुद्धा, तारीख आणि क्रमांकासह एकाखाली एक आहेत. फॅमिलीसर्चवर त्यांच्या प्रतिमा आहेत. अक्षर किचकट, शिक्के आडवेतिडवे, पण रद्द झालेल्या फाइलमध्ये का सोडली याचा जबाब असतो: टोळधाड, दुष्काळ, आजारपण, नाहीतर शेजाऱ्याने केलेली हरकत. पानाचा फोटो इथे टाका, क्रमांक वाचून देतो.